खायची हळद, विकायची हळद

तुमच्या डब्यातली हळद इतकी पिवळी कशी, हा प्रश्न तुम्हाला कधी पडला आहे का?

माझ्या आईला पडला नव्हता. तिला त्या पिवळ्या रंगाचा अभिमान होता. म्हणून तर मालकाच्या मुलीच्या लग्नात तिच्या हातून ती चूक झाली.

सांगलीच्या विश्रामबागेत मालकांचा बंगला. दारात मांडव. नवरीची हळद दळायला पाच सवाष्णी जात्यावर बसलेल्या. आईही सवाष्णच होती, पण तिला कुणी बसवलं नव्हतं. आम्ही त्यांच्या हळदीच्या वखारीतल्या बायका, भांडी घासायला बोलावलेल्या. आईने पदराआडून नव्या खणात बांधलेली पुरचुंडी काढली. आत हळकुंडं. आठ दिवस ती ढिगातून एकेक निवडत होती. सरळ, जाड, सोन्यासारखी. मुकादमाला विचारून घेतलेली.

"बाईसाब, नवरीसाठी आणलीत. माज्या हातची हायत."

मालकीणबाईंनी पुरचुंडी उघडली. दोन बोटांत धरून मोरीत टाकली. मग साबणाने हात धुतले.

"अगं बये, ही खायची आहे होय? ही विकायची! माझ्या लेकीच्या अंगाला लावायची आहे हळद. भिंतीला नाही."

सवाष्णी हसल्या. त्यांच्या सुपात मळकट, भुरकट हळकुंडं होती. ती घरची. आईसुद्धा हसली.

"चुकलं बाईसाब. आमाला काय कळतंय."

खण तेवढा तिने मोरीतून उचलला, पिळला आणि कमरेला खोचला.

मी मागे राखेचं टोपलं घेऊन उभी होते. सतरा वर्षांची. भिंतीला. हा शब्द माझ्या डोक्यात जाऊन बसला. कारण असंच काहीतरी आम्हाला आधी एकाने विचारलं होतं.

आम्ही माणदेशातले. दुष्काळात मेंढरं गेली. बाप मुंबईला होता. आई, मी आणि चार वर्षांचा बारक्या, आम्ही सांगलीला आलो. हळदीच्या वखारीत काम मिळालं. शिजवून वाळवलेली हळकुंडं लोखंडी ढोलात भरायची आणि ढोल हाताने फिरवायचा. साल घासून निघालं की मुकादम पिवळी पूड पाण्यात कालवून आईच्या हाती द्यायचा. आई ती ढोलात शिंपडायची. कोपरापर्यंत हात पिवळे. आम्ही विचारलं, हे काय? मुकादम म्हणाला, "पावडर हाय गं. हळदीनं नटीगत दिसायला नको व्हय?" आम्ही सगळ्या पोट धरून हसलो होतो. आमच्या हसण्याची मला आजही लाज वाटते.

शनिवारी मालक झाडलोट वाटायचे. ढोलाखाली सांडलेली पूड. आई ती पदरात बांधून आणायची, देवाचा अंगारा आणावा तशी. बारक्याला खोकला आला की दुधात हळद. दूध नसलं की गरम पाण्यात हळद. त्याचं पोट दुखायला लागलं, तर आणखी हळद. आईला तिच्या आईने हेच शिकवलं होतं. त्यात तिचं काय चुकलं?

बारक्या पांढरा पडत गेला. चालताना पाय ओढायला लागला. सरकारी दवाखान्यातल्या तरुण डॉक्टरांनी त्याचा ओठ वर केला. हिरडीवर निळसर काळी रेघ होती. त्यांनी विचारलं, "घरात कुणी रंगकाम करतं का?"

आई म्हणाली, "न्हाई वो. आमची भिंत मातीची हाय."

तीन दिवसांनी बारक्याला झटके आले. तो गेला तेव्हा त्याच्या ओठाच्या कोपऱ्यात पिवळं होतं. आईने पदराने पुसलं. पदरही पिवळाच होता.

त्यानंतर दोन महिन्यांनी ते लग्न.

लग्नाच्या दुसऱ्या दिवशी मी ढोलात शिंपडायच्या त्या पुडीतली चिमूट कागदात बांधून डॉक्टरांकडे नेली. त्यांनी ती बोटावर चोळून पाहिली. मग म्हणाले, "ही पिवडी आहे. भिंतीला लावायच्या रंगाची. यात शिसं असणार. हे पोटात जायचं नसतं, बाई."

शनिवार आला. आम्ही झाडलोटीसाठी रांगेत होतो. मालक खुर्चीवर बसून डबा खात होते. माझी पाळी आली. मुकादमाने ओंजळभर पूड माझ्या पदरात टाकली. मी ती घेऊन मालकांसमोर गेले.

"मालक, चिमूटभर आमटीत घाला की."

त्यांनी झटकन डब्यावर हात धरला.

एवढंच. फक्त डबा झाकला. तो हात रांगेतल्या सगळ्या बायकांनी पाहिला.

मी म्हणाले, "माज्या भावाच्या वाटीवर कुणी हात धरला न्हाई."

"लय माजलीस," मुकादम ओरडला. "चल, निघ हितनं!"

मी पदर सोडला. पूड मालकांच्या पांढऱ्या धोतरावर सांडली. ते असे उडाले, जणू विस्तव पडला. त्यांना माहीत होतं. सगळं माहीत होतं. मी निघाले तेव्हा माझ्यामागे आणखी दोघी निघाल्या. बाकीच्या राहिल्या. त्यांचीही पोटं होती, मी त्यांना नावं ठेवत नाही.

आता आई भाकरी थापायला बसते तेव्हा तिचा उजवा पंजा मनगटातून लोंबतो, वर उचलला जात नाही; डॉक्टर म्हणाले, तेच शिसं. भाकरी मी करते. डोळे मिटले की ढोल फिरतो. त्यात हळकुंडं खडखडतात आणि त्या आवाजात बारक्या खोकतो. माझं लग्न झालं तर अंगाला हळद लावणार नाही, हे मी आईला सांगून टाकलं आहे. ती रडली. मी नाही रडले. रडून झालं की माणूस शांत होतो, आणि मला शांत व्हायचं नाही. त्या वखारीच्या दारात मी रोज उभी राहणार आहे. आत जाणाऱ्या प्रत्येक बाईला सांगणार आहे, झाडलोट घरी नेऊ नको.

तुमच्याकडे एकच मागणं आहे. उद्या दुकानात जाल तेव्हा दळलेली हळद घेऊ नका. हळकुंड मागा आणि तिथेच मोडा. वरून लखलखीत आणि आतून निराळं दिसलं, तर चार गिऱ्हाइकांसमोर दुकानदाराला मोठ्याने विचारा, "ही खायची, की विकायची?"

आणि उत्तर ऐकू नका. तो तुकडा त्यालाच तोंडात टाकायला सांगा. त्याचा हात कुठे जातो, ते बघा.