सात बाजांची दोरी

"मास्तर, ओ मास्तर, तुमचा मिस्त्री गेला हो," दिग्रसच्या मोटारस्टँडवर कंडक्टर गाडीच्या टपावर उभा राहून ओरडत होता. माणसाचा आवाज असा, की कापसाच्या बाजारातल्या बैलांनीही माना वर केल्या. मी खाली उभा होतो. म्हटलं, "माझा कोणी मिस्त्री नाही." त्यानं माझ्याकडं क्षणभर पाहिलं आणि कोणाचं तरी गाठोडं बांधायला लागला. मी गाडीत चढून दारव्ह्याला गेलो. माझं तिथं फार महत्त्वाचं काम होतं. काय काम होतं, ते आज कितीही आठवलं तरी आठवत नाही...

युसूफ मिस्त्री माझा पंधरा वर्षांचा दोस्त आणि सहा वर्षांचा वैरी. दिग्रसला मशिदीच्या मागल्या गल्लीत त्याचं घर. कापसाच्या जिनातली यंत्रं, आटाचक्की, शेतावरची ऑइल इंजिनं, फिरणारं जे जे म्हणून असेल ते त्याच्या हाताखालून जायचं. दिग्रसला बसल्या बसल्या दारव्ह्याच्या इंजिनाचा आवाज ऐकून कोणता नट ढिला आहे ते तो सांगायचा. हे मी वाढवून सांगतो असं कोणाला वाटलं, तर त्यांनी दारव्ह्याऐवजी निम्म्या वाटेवरचं एखादं गाव धरावं. त्याच्या खाली मी उतरणार नाही. पण एक गोष्ट तिळभरही न वाढवता सांगतो. विहिरीचा तळ पाहिल्याशिवाय हा माणूस तिच्यावर इंजिन बसवत नसे. खिशात शिसं बांधलेली दोरी, दर हातावर एक गाठ. संध्याकाळी पाण्याला खूण करायचा, सकाळी येऊन पाणी किती चढलं ते पाहायचा. शेतकरी घाई करायचे. "मिस्त्री, बसवा न लवकर, हंगाम चालला." हा म्हणायचा, "रातभर जेवढं येते तेवढंच दिवसा काढा लागते, भाऊ. जास्त काढलं त इंजिन हवा पेते आन् तुमी माती खाता." एकदा एका पाटलाची विहीर मोजून यानं इंजिन तसंच बैलगाडीत चढवून परत नेलं होतं.

छप्पन साली आम्ही जागचे न हलता मध्यप्रदेशातून मुंबई राज्यात गेलो आणि चार वर्षांत तिथूनही महाराष्ट्रात. एवढा प्रवास माझ्या आज्यानं काशीला जाऊनही केला नव्हता. या दोन स्टेशनांच्या मधे केव्हा तरी विकासाचे साहेब जीप घेऊन आमच्या शाळेत आले. आमचं गाव दिग्रसपासून सात मैलांवर, नदीकाठी. गावाची इस्टेट म्हणजे घोड्याचा डोह. कोण्या राजाचा घोडा त्यात बुडाला म्हणून हे नाव. तो घोडा पुढं पैनगंगेत निघाला, खोगिरासकट, आणि खोगीर कोरडं होतं, एवढी भर मी माझ्याकडून घातलेली आहे. डोहाला गावाचा एक दंडक होता. पाडव्यापासून मृगापर्यंत तिथं मोट लावायची नाही. माणसाची घागर आणि ढोराचं तोंड, एवढंच पाण्याला लागेल. म्हणून भर वैशाखात आमच्या गावाला आणि पलीकडच्या तांड्याला पाणी असायचं.

साहेबांनी विचारलं, "इथं बागायत होईल एवढं पाणी आहे का?" ज्या गावाला पाणी त्या गावाला सडक, त्याच गावाला शाळेची पक्की खोली, असं साहेब नुकतंच बोलले होते. माझ्या शाळेचं छप्पर तेव्हा पावसाळ्यात पोरांपेक्षा जास्त बोलायचं. मी उठलो. म्हटलं, "साहेब, सात बाजांची दोरी उकलून एकाला एक बांधून मी स्वतः सोडली आहे. तळ लागला नाही. वर ओढली तर टोकाला पाताळातलं शेवाळ." दिग्रसचे एक शेठ खुर्चीवर बसले होते, त्यांनी टाळी वाजवली. नदीकाठची जमीन त्यांनी त्याच साली घेतली होती. युसूफ मागं दाराशी उभा होता. तो माझ्या गोष्टींना नेहमी सगळ्यांच्या आधी हसायचा. त्या दिवशी हसला नाही.

परतताना सायकल हातात धरून तो माझ्याबरोबर नदीपर्यंत चालत आला.

"मास्तर, दोरी तू स्वतः सोडलती?"

"या हातांनी."

"सात बाजा?"

"आठवी मागवणार होतो, पण त्या बाजेवर म्हातारी निजली होती."

तो मान हलवून सायकलवर बसला. मला वाटलं, विषय संपला.

पुढच्या दिवाळीला शेठचं इंजिन आलं. बसवलं कोणी? युसूफनं. पहिल्यांदा धार उडाली तेव्हा सगळा गाव पाहायला गेला होता. मीही नारळ घेऊन गेलो होतो, ते का लपवू? शेठच्या नदीकाठच्या माळावर केळीची बाग उभी राहिली. घड असे, की दोन माणसं लागावीत... बरं, एक धट्टाकट्टा माणूस. सडक झाली. शाळेला खोली मिळाली. पाडवा आला तेव्हा म्हाताऱ्यांनी दंडक सांगून पाहिला. शेठ म्हणाले, "ज्याला तळ नाही त्याला दंडक कायचा? तुमचे मास्तरच सांगतात." लोक हसले. मी सगळ्यांत मोठ्यानं हसलो. दुसऱ्या वर्षी काठावर तीन इंजिनं झाली, आणि तिसऱ्या वर्षी वैशाखात डोहातून मोठाले दगड वर आले. असे दगड तिथं आहेत हे गावातल्या सगळ्यांत म्हाताऱ्या माणसालाही माहीत नव्हतं. बाया वाळूत झिरे उकरून वाटीनं घागर भरायला लागल्या. तांड्यावरच्यांनी गाई विकल्या. माझी बायको पहाटे रिकामी घागर घेऊन जायची ती शाळेची घंटा झाली तरी परतायची नाही.

एक दिवस पाहतो तर युसूफ काठावर शेठच्या इंजिनाशी बसलेला. माझं डोकं फिरलं. मी पलीकडच्या काठावरून ओरडलो, आणि माझा आवाज त्या कंडक्टरच्या बापाचा आहे. "हरेक विहीर मोजतं तू. पाटलाची मोजली, कोमट्याची मोजली. आमच्याच डोहाच्या वक्ती तुही दोरी कुठं गेलती? किती दिलं शेठनं तुले?" बाया झिऱ्यावरून उठून उभ्या राहिल्या. तो हळूच उठला. हाताचं तेल चिंधीला पुसत म्हणाला, "मास्तर, एवढंच होतं काय?"

एवढंच. मला वाटलं, चिडवतो आहे. पाणी पिऊन वर विचारतो आहे की एवढंच होतं काय. दोस्तानं केसानं गळा कापावा आणि वर मान किती बारीक होती ते विचारावं, तसं.

त्यानंतर सहा वर्षं मी त्याच्याशी बोललो नाही. पण त्याच्याविषयी खूप बोललो. शेठनं त्याला सोन्याचा पाना दिला, ही गोष्ट मीच उठवली. दोन वर्षांत ती फिरून माझ्याकडं परत आली, तेव्हा पान्याबरोबर चांदीचा हातोडाही आला होता. खरं म्हणजे तो शेवटपर्यंत त्याच मोडक्या सायकलवर फिरत होता. मला ती दिसायची. मी रस्त्याच्या दुसऱ्या बाजूला होत असे.

मयतीला गेलो नाही. चाळिसाव्याला मात्र पाय तिकडं वळले. का, ते विचारू नका. युसूफची बायको, जैबून भाभी, ओसरीवर गहू निवडत होत्या. मला पाहून त्यांनी डोक्यावरचा पदर पुढं ओढला आणि "बसा मास्तर" म्हणाल्या, जसा काही मी परवाच येऊन गेलो होतो. बसायला ओसरीवर दोन बाजा. एक नीट विणलेली. दुसरीचा नुसता सांगाडा, चार खूर आणि चार दांडे. त्यावर ओले कपडे वाळत घातलेले. माणूस नाही तर बाज तरी कोण विणणार, असं मनात आलं. त्या सांगाड्याकडं बोट करून म्हटलं, "भाभी, हे बाज अशी काहून?"

"याची दोरी त्यायनं तुमच्या डोहात सोडलती, काठावरच्या जुन्या पान्याच्या खुनेपासून. तुमी त्यायले काठावर बोलले ना, त्याच्या आदल्या दिवशी. एक बाजबी पुरी नाही लागली म्हने, तळ लागला. घरी आले, बसून राहिले. मंग मले ते पुन्हा विनूच नाही देली."

आदल्या दिवशी. म्हणजे काठावर उभा राहून तो मला विचारत होता, तेव्हा त्याला तळ माहीत होता... सहा वर्षांपूर्वीचं तेच मी पुन्हा विचारलं. ओरडून नाही, इतकंच.

"मग इंजिन बसवायच्या आधी काहून नाही मोजलं त्यानं? हरेक विहीर मोजत होता ना?"

भाभींनी सुपातला एक खडा उचलून बाजूला टाकला.

"तुमी मोजलं होतं ना," त्या म्हणाल्या.