हिरव्या पाण्याचा माग

कुमारने जुनी पांढरी एसयूव्ही घेऊन वस्तीवर आणली तेव्हा त्याच्या आईने, म्हाळसाबाईंनी, आधी गाडीभोवती एक पूर्ण फेरी मारली. चाकांवर हात ठेवून पाहिला. मग पदर सावरत खाली वाकून गाडीच्या पोटाखाली डोकावल्या. मेंढा घेताना त्या असंच करायच्या. खूर, पोट, दात, आणि मग बाकीचं कौतुक.

"माय, आता तोंड उघडून दात बी बघ," कुमार हसत म्हणाला.

"कुठनं उघडतंय?" त्यांनी खरोखरच विचारलं. कुमारने बॉनेट उघडून दाखवलं.

वस्ती लोहाऱ्यापासून जवळच. कुमार तिथल्या तहसील कचेरीत लिपिक आहे, मीही त्याच कचेरीत त्याच्या शेजारच्या टेबलावर बसतो, म्हणून ही सगळी हकिगत मला जवळून माहीत. म्हाळसाबाई आणि त्यांचे मालक कोंडीराम यांनी चाळीस वर्षं मेंढरांमागं पायपीट केली. दिवाळी झाली की निघायचं, मृगाच्या आधी परतायचं. घोड्यावर सगळा संसार, संसारावर पाय बांधलेल्या कोंबड्या आणि कोंबड्यांच्या शेजारी फडक्याने बांधलेला लहानगा कुमार. आता कळप चाळीस मेंढरांवर आला आहे, आणि कोंडीराम तो जवळच्या माळावर चारून आणतात. म्हाळसाबाईंची नजर मात्र अजून तीनशे मेंढरांची आहे. कळप पुढून गेला की एखादं पाय जरा जपून टाकतंय हे सगळ्यात आधी त्यांना कळतं. लोकरीतली गोचीड तर त्यांच्यापासून लपतच नाही.

गाडी आल्यावर तिसऱ्या सकाळी अंगण झाडताना त्यांना गाडीच्या तोंडाखाली ओला डाग दिसला. तळहाताएवढा, हिरवट.

"एसीचं पाणी असंल गं," कुमार ब्रश तोंडात धरूनच म्हणाला.

"कालधरनं गाडी जाग्यावरच हाय. आन् पाणी हिरवं असतंय व्हय?"

एवढ्यात एक कोकरू त्या डागाकडं तोंड घेऊन निघालं. म्हाळसाबाईंनी त्याला मागच्या पायाला धरून ओढलं, मग स्वतः बोट बुडवून चोळून पाहिलं. बुळबुळीत लागलं. वास घेतला.

"गोडसर वास हाय. म्हंजे जनावर चाटणारच. ह्ये काय बरं न्हाय दिसत."

त्यांनी कोकरं वाघरीत, म्हणजे जाळीच्या कुंपणात, कोंडली आणि डागाच्या जागी घमेलं ठेवलं. दुसऱ्या सकाळी घमेल्याचा तळ झाकला गेला होता. आता कुमारलाही एसीचं नाव घेता येईना.

कचेरीत त्याने जीपचे ड्रायव्हर आण्णासाहेब यांना विचारलं. त्यांनी चहा संपवता संपवता निकाल दिला. "रेडिएटर गळतंय. हळद टाक. भोक आपोआप बुजतंय. आमी जन्मभर तेच केलं."

कुमारने घरी जाऊन गुपचूप डब्यातली हळद काढली आणि रेडिएटरमध्ये ओतली. संध्याकाळी त्याची बायको वर्षाराणी कालवणाला हळद शोधत राहिली. चार दिवस घमेलं कोरडं होतं. पाचव्या दिवशी त्यात पुन्हा थेंब पडले, या वेळी पिवळे.

म्हाळसाबाई घमेल्याकडं बघत राहिल्या. मग कुमारला हाक मारून म्हणाल्या, "गाडीला हळद लागली का रं? आन् नवरी कुठली हाय?"

वर्षाराणीला रिकाम्या डब्याचा उलगडा तेव्हा झाला, आणि ती हसून हसून ओट्याला टेकली. कुमारही हसला, पण थेंब कमी आहेत म्हणून त्याने गोष्ट तिथंच सोडली.

शनिवारी सुट्टी होती. धाकटी बहीण निकिता तेरला दिलेली. तिच्या सासऱ्यांना कळपासाठी चांगला मेंढा हवा होता आणि म्हाळसाबाईंनी एक निवडून ठेवला होता. कुमारने मागच्या सीट पाडून ताडपत्री अंथरली, तिच्यावर पोती टाकली, मेंढ्याला चढवलं आणि आईला पुढच्या सीटवर बसवलं. त्या पट्टा लावून ताठ बसल्या. मागं मेंढा खिडकीच्या काचेला नाक लावून उभा होता.

आठेक किलोमीटर गेले असतील. एका चढावर गाडीच्या तोंडातून वाफ उसळली. कुमारने गाडी कडेला घेतली, बॉनेट उघडलं आणि फडकं घेऊन रेडिएटरच्या झाकणाला हात घालणार, तोच म्हाळसाबाई ओरडल्या.

"हात लावू नगंस! एका ट्रकवाल्याचं तोंड भाजलेलं म्या बघितलंय. आमचा मेंढरांचा वाडा रस्त्याकडंला होता, त्याला आमीच पाणी मारलं. निवू दे आधी."

दोघं लिंबाखाली बसले. मेंढ्याला दोरी लावून खाली उतरवलं, तर तो लगेच चरायला लागला. म्हाळसाबाईंनी भाकरी आणि शेंगदाण्याची चटणी सोडली. कुमारने भाकरी हातात धरली, पण खाल्ली नाही.

"काय झालं?"

"काय न्हाय." मग भाकरी हातात फिरवत तो म्हणाला, "जलम गेला तुझा चालण्यात. वाटलं, एकदा तरी आपल्या गाडीत बसवून लेकीच्या दारात न्यावं. तर मधीच असं."

म्हाळसाबाईंनी त्याच्या हातातल्या भाकरीवर आणखी चटणी ठेवली. "आरं, बसले की! आट किलोमीटर बसले. पाय बी दुखले न्हाईत. खा मुकाट्यानं."

तो हसला आणि खायला लागला.

प्रवासी भरून नेणारी वडापची एक जीप थांबली. ड्रायव्हरने डोकं बाहेर काढून बघितलं आणि सांगितलं, "पुढं जाऊ नका. माघारी लोहाऱ्यात महांतप्पाकडं न्या. रेडिएटरचा मिस्त्री त्योच."

जवळच्या शेतातल्या बोअरवरून कॅन भरून आणला. गाडी पूर्ण निवल्यावर पाणी ओतलं, आणि वाटेत दोनदा थांबून, भरून, ते लोहाऱ्यात परतले.

महांतप्पा पन्नाशीचे, जाड भिंगांचा चष्मा, बोलण्यात मधेच कानडी डोकावायची. त्यांनी पाइप सोडवले, पंखा बाजूला केला, रेडिएटर काढला आणि उलटा केला. आतून पिवळा गाळ पडला.

"अय्यो! ही आमटी कुणी शिजवली?"

कुमारने मेंढ्याकडं बघितलं, जणू त्यानेच घातली असावी.

महांतप्पांनी रेडिएटर धुऊन काढला, तोंडं रबरी बुचांनी बंद केली, पाण्याच्या हौदात बुडवला आणि कॉम्प्रेसरने आत हवा सोडली. भोक असेल तिथून बुडबुडे येतात. पण बुडबुडे येईनात. एका टोकाला कधी तरी एखादा यायचा. त्यांनी ते टोक कोरडं करून तपासलं तर तिथं काहीच नव्हतं. तीनदा झालं.

"अडकलेली हवा निघत असंल," ते म्हणाले. "ह्याचं भोक सापडायचं न्हाय. नवीन रेडिएटर सोलापूरहून मागवावा लागंल. सोमवारपतोर गाडी इथं राहू द्या."

कुमारचा चेहरा उतरला. म्हाळसाबाई मेंढ्याची दोरी खांबाला बांधून पुढं आल्या.

"मिस्त्री, म्या बघू का?"

"बघा की मावशी, हौद काय माझ्या एकट्याचा हाय व्हय?"

त्या हौदाच्या काठावर बसल्या. "ह्ये पाणी लई गढूळ झालंय. बदलता का? आन् हवा कमी सोडा, गडबड करू नका."

महांतप्पांना गंमत वाटली, पण त्यांनी पाणी बदललं. म्हाळसाबाईंनी पाण्यावर पदराची सावली धरली आणि पाणी स्थिर होईपर्यंत थांबल्या. पाच मिनिटं गेली. लोकरीत बघावं तशा त्या बघत होत्या, एकेक इंच.

"दिसला," त्या हळूच म्हणाल्या. "लिखेएवढा हाय. ह्या प्लास्टिकच्या काठाखालनं निघतोय, काठ धरून सरपटत जातोय आन् त्या टोकाला वर येतोय. तुमी टोकाला बघताव. त्यो जन्माला हिकडं येतोय."

त्यांनी काठाच्या मध्यावर बोट दाबून धरलं. टोकाला बुडबुडे थांबले. बोट काढलं. थोड्या वेळाने टोकाला एक बुडबुडा आला. पुन्हा दाबलं, पुन्हा थांबले.

महांतप्पांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला आणि डोकं पाण्याला टेकेल इतकं वाकले. मग सरळ होऊन मोठ्याने हसले.

"तीस वर्षं ह्या हौदात बघतोय मी! मावशी, भोक न्हायच ह्ये. जाळी आन् प्लास्टिकच्या टाकीमधलं रबर गेलंय. रबर तर माझ्याकडंच हाय!"

त्यांनी टाकीभोवती दुमडलेल्या पत्र्याच्या कडा एकेक करून उघडल्या, वाळून चिरलेलं रबर काढलं, नवीन बसवलं आणि कडा पुन्हा दाबल्या. मग रेडिएटर हौदात गेला. या वेळी महांतप्पा स्वतःहून म्हणाले, "बघा मावशी, तुमी हो म्हणल्याबिगर गाडीला लावत न्हाय." म्हाळसाबाईंनी चारही बाजू बघितल्या. मान हलवली.

रेडिएटर बसवून नवं हिरवं पाणी, म्हणजे कूलंट, भरलं. महांतप्पांनी खाली सांडलेलं भांड्यात गोळा केलं आणि गटारीकडं निघाले.

"थांबा," म्हाळसाबाई म्हणाल्या. "गटारीवर शेरडं येत्यात, कुत्री येत्यात. ते जनावराला बरं हाय का?"

महांतप्पा थांबले. "न्हाय. विषच हाय ते. सगळेच टाकतेत म्हणून..." त्यांनी एक रिकामा कॅन शोधला आणि त्यात ते ओतून बूच घट्ट लावलं. मग चहा मागवला आणि म्हणाले, "मावशी, सोमवारपासनं दुकानात येता का?"

"आन् मेंढरं तुमी राखणार?"

चहा झाल्यावर ते पुन्हा निघाले. चढावर कुमारची नजर इंजिनाची उष्णता दाखवणाऱ्या काट्यावरच होती. काटा मध्यावर होता आणि तिथंच राहिला. दिवस मावळताना गाडी तेरच्या गल्लीत शिरली. निकिता परातीत पीठ तसंच टाकून बाहेर धावली. म्हाळसाबाई पट्टा सोडायला विसरल्या आणि उतरताना परत सीटवर आपटल्या. मायलेकी दारातच इतक्या हसल्या की मेंढा कुणी उतरवावा हेच ठरेना. शेवटी निकिताच्या सासऱ्यांनी त्याला उतरवून घेतलं, तोंड उघडून दात बघितले आणि खूश झाले.

ह्या गोष्टीला आता सहा महिने झाले. महांतप्पांच्या दुकानात तसला कॅन आता नेहमी असतो. मागच्या आठवड्यात मी आणि कुमार कचेरीत बसलो असताना त्यांचा व्हिडिओ कॉल आला. एका ट्रॅक्टरचा रेडिएटर हौदात होता. "साहेब, घरी जाताव तवा मावशीला दाखवा की, सकाळपासनं भोक सापडंना," ते म्हणाले. कुमारने पाच वाजायची वाट बघितली नाही. अर्ज टाकून तो निघाला, आणि मीही त्याच्यासोबत वस्तीवर गेलो. तिथून त्याने महांतप्पांना परत व्हिडिओ कॉल लावला. म्हाळसाबाईंनी फोन हातात घेतला, डोळे बारीक केले आणि म्हणाल्या, "मिस्त्री, आधी पाणी बदला."