आवाज येतोच की

आधी काकूंचं सांगते. एकदा राग सांगायला लागले की मला थांबता येत नाही, आणि मग उपकार सांगायचे राहून जातात. काकू म्हणजे आमच्या घरमालकीण. सूस गावठाणात त्यांच्या घरामागं पत्र्याच्या खोल्या आहेत, त्यातली कडेची आमची. आम्ही परभणीकडचे. माझी शाळा आठवीत सुटली, पुढं लग्न झालं, नवऱ्याला इकडं कंपनीत काम लागलं. इथं रक्ताचं कुणी नाही. पोराला ताप आला, काकू. पाणी गेलं, काकू. गेल्या दिवाळीतही काकूच.

आता झालं ते. टेकडीच्या अंगाला एक सोसायटी आहे, तिथं एका घरी मी स्वयंपाक करते. मॅडम बोलायला गोड. शाळांना दिवाळीची सुट्टी लागली तशा म्हणाल्या, "ताई, शनिवारी घरीच मूव्ही नाइट ठेवलीये. किड्सची धमाल! तुमच्या दोघांनाही आणा ना."

मुलगी सात वर्षांची, मुलगा पाच. सगळा आठवडा घरात दुसरा विषय नाही. मुलीनं दिवाळीचा पिवळा फ्रॉक दिवाळीआधीच घातला.

हॉल झकास सजला होता, खोटं कशाला बोलू. चादरींचा तंबू, आत दिव्यांच्या माळा, समोरच्या पांढऱ्या भिंतीवर सिनेमा. माळा स्टुलावर चढून मीच लावलेल्या. गाद्या मीच घातलेल्या. चकल्या माझ्याच हातच्या. माझी पोरं तंबूत डोकावली, तशा मॅडम जवळ आल्या आणि हळूच म्हणाल्या, "ताई, यांना किचनमध्ये बसवा ना प्लीज. इथे कन्जेस्टेड होतंय. आणि आवाज येतोच की तिथे."

आवाज येतोच की!

गाद्यांवर जागा होती. मीच घातल्या होत्या, मला माहीत नाही? एका गादीवर तर कापसाचं अस्वल ऐसपैस बसलं होतं. अस्वलाला जागा होती.

जिभेवर आलं होतं. पण काम गेलं तर पुढं काय, हा विचार माझ्या जिभेच्या आधी धावतो. "बरं मॅडम," म्हणाले आणि दोघांना फ्रिजशेजारी बसवलं. बाहेर पोरं हसली की माझा मुलगाही हसायचा, का ते न कळता. मुलगी कान लावून त्याला समजावत होती, "आता हत्ती पाण्यात पडला असेल."

"कशावरून?"

"धप्प वाजलं ना."

कुकरमध्ये मक्याच्या लाह्या फुटत होत्या, माझ्या डोक्यात त्याहून जास्त.

परत आलो तेव्हा काकू ओट्यावर वाती वळत बसल्या होत्या. "काय गं पोरी, शिनेमा कसा व्हता?"

"छान होता आजी," मुलगी म्हणाली. "दिसला नाही, पण ऐकला."

काकूंनी माझ्याकडं पाहिलं. मी सगळं सांगितलं.

"मंग तू काय म्हनलीस?"

"बरं म्हणाले."

"लई शानी! पाडव्याला माझी नातवंडं यायचीत. टीवीवर शिनेमा लावू. ह्यांना घिऊन ये."

पाडव्याला गेलो. बाहेरच्या खोलीत भिंतीवर मोठा टीव्ही, खाली सतरंजी, नातवंडांचा नुसता गोंधळ. मी दारात चपला सरळ लावत होते. मान वर केली तर माझी पोरं सतरंजीच्या कडेकडेनं थेट आत निघालेली. मी मागं गेले. स्वयंपाकघरात मुलीनं भावाला भिंतीशी बसवलं, फ्रॉक नीट केला आणि मांडी घातली.

"आई, इथूनपण आवाज येतो."

त्या क्षणी मॅडम समोर असत्या तर मी काय केलं असतं, ते इथं लिहीत नाही.

काकू आत आल्या. "आगं, हितं कशापायी बसलाय? चला भायेर."

"आम्ही इथंच बसतो आजी. बाहेर गर्दी होईल."

काकू माझ्याकडं वळून म्हणाल्या, "येवढ्या लौकर शिकली व्हय गं ही?" त्यांनी पोरांना ओढून बाहेर नेलं नाही. बाहेर जाऊन लेकाला ओरडल्या, "टीवी काढ भितीवरनं."

"आई, लागलाय की पिक्चर!"

"काढ म्हनलं ना. आज शिनेमा सैपाकघरात. ज्याला बघायचाय त्यानं आत या."

"अगं, तितं प्लग कुटं हाय?"

"मिक्सरचा हाय की. मिक्सर काय सणाला रुसून बसतोय व्हय?"

टीव्ही गव्हाच्या कोठीवर बसला. नातवंडं डब्यांच्या, पातेल्यांच्या मधूनमधून मावली. माझी दोघं सगळ्यांच्या पुढं. मागून एक नातू कुरकुरला, "आजी, मला दिसत न्हाई!"

"मंग ऐक! आवाज येतोय का न्हाई?"

त्या दिवशी माझा मुलगा सगळ्यांच्या आधी हसला.

राग गेलेला नाही, जायलाही नको. नाताळात मॅडमनी पुन्हा मूव्ही नाइट ठेवली आणि विचारलं, "मुलांना आणताय ना?" मी म्हणाले, "नाही मॅडम. त्यांना सिनेमा बघायला आवडतो." एवढंच. मग काम जाईल म्हणून आठवडाभर झोप उडाली. काम अजून गेलेलं नाही.

काकू, कधी ना कधी आमचं स्वतःचं घर होईल. इथं नाही तर गावाकडं. भिंतीवर टीव्ही असेल आणि समोर पहिली जागा तुमची. तुमचे गुडघे धरतात, म्हणून खुर्ची ठेवीन, पाठीला उशी. आणि तुम्हाला तिथून कुणी उठवायला आलंच, तर त्या दिवशी मी "बरं" म्हणणार नाही.