पोर दाखवा, मग गोळी

उलटीची गोळी मागायला आलेल्या गिऱ्हाइकाकडे भोईरकाका आधी बघायचेच नाहीत. त्याच्या खांद्यावरून बाहेर, रस्त्याच्या कडेला थांबलेल्या गाडीकडे बघायचे आणि विचारायचे, "पोर कुठं हाय?"

खोपोली सोडून जुना रस्ता घाटाला लागतो, त्याच्या अलीकडे आमचं मेडिकल. आमचं म्हणजे मधुकर भोईर यांचं. मी तिथे नोकरीला. पण डी.फार्म. होऊन खालापुराहून आले ती तिथेच रुजले, त्यामुळे 'आमचं' म्हटल्याशिवाय जीभ वळत नाही. लोणावळ्याला निघालेल्या गाड्या आमच्या दारात हमखास थांबायच्या. इंजिन चालू ठेवून बाप धावत यायचा, "काका, उलटीच्या गोळ्या द्या, पटकन." पटकन हा शब्द काकांना कधी ऐकूच आला नाही. ते काउंटरची फळी उचलायचे, पायाने चाचपडत चपला शोधायचे आणि चालत गाडीपाशी जायचे. खिडकीतून आत वाकून पोराला नीट न्याहाळायचे. वय किती, वजन किती, सकाळपासून काय खाल्लं, ताप आहे का, आधी काही औषध दिलंय का. मागून हॉर्न वाजायचे, बाप वैतागायचा. काकांचं एकच, "पोर दाखवा, मग गोळी."

आणि पोर बघूनही गोळी मिळेलच असं नाही. दोन वर्षांच्या आतलं असेल तर नाहीच. मोठं असेल तर डॉक्टरची चिठ्ठी आणा. मोठ्या माणसाची गोळी मोडून लेकराला अर्धी द्यायची, ही आमच्या घाटाखालची जुनी रीत. ड्रायव्हर लोकसुद्धा गाडीत पट्टी ठेवतात. काकांना त्या 'अर्धी'चा भयंकर राग होता. "अर्धी म्हंजी कुनाच्या हिशेबानं अर्धी? पोर काय अर्धा मानूस आस्तं?"

रिकाम्या हाताने मात्र ते कुणाला पाठवायचे नाहीत. आमच्याकडे दुसरी एक समजूत अशी, की गाडी लागणाऱ्या मुलाला उपाशी न्यावं, म्हणजे पोटात काही नाही तर बाहेर काय पडणार. काका समजावायचे, "रिकामं पोट जास्त डचमळतं बाई. कोरडी भाकरी तुकडाभर, नायतर बिस्कीट. वडापाव नको. हातातला मोबाईल काढून घे आनि काच खाली कर." कुणी म्हणालं, मुलाला वर्तमानपत्रावर बसवलंय, तर तेही चालायचं. "बसू दे. पेपरानं काय वाईट होत नाय. फकस्त वाचायला दिऊ नका." मग बोलत्या वयाचं पोर असलं की त्याच्या खांद्यावर हात ठेवून वर डोंगराकडे बोट करायचे. "ती बग नागफणी. दिसली? तिच्यावर नजर ठेवायची. रस्ता वळला की ती लपंल, मग तू हुडकायची." घाटातून जाणारी कितीतरी पोरं त्या सुळक्याला शोधत गेली असतील. मला मात्र तेव्हा वाटायचं, ह्या माणसाने मेडिकल काढायच्या ऐवजी शाळा काढायला हवी होती.

एकदा कर्जतकडच्या एका बालवाडीची सहल थांबली. बाई उतरून आल्या, सगळ्या बसला पुरतील एवढ्या गोळ्या द्या म्हणाल्या. काका बसमध्ये चढले. आत पिवळ्या टोप्या घातलेली चिमुकली पोरं दाटीवाटीने बसलेली. काका खाली उतरले आणि "नाय" म्हणाले. बाई चिडल्या. "अहो, बाकीची मेडिकलं देतात."

"मग तितनं घ्या बाई. माझ्याकडनं नाय."

बाईंनी पुढच्या दुकानातून घेतल्या. हातचं गिऱ्हाईक गेलं म्हणून मी दिवसभर धुमसत होते. संध्याकाळी तीच बस घाट उतरून आली. खिडक्यांतून पिवळ्या टोप्या, नुसता आरडाओरडा, सगळी पोरं ठणठणीत. काका पायरीवर उभे राहून बस वळणाआड जाईपर्यंत बघत राहिले. मला राहवलं नाही. म्हटलं, "बघा. झालं का काही?"

"नाय झालं," काका म्हणाले. "लय चांगलं झालं गं." त्यात टोमणा नव्हता. ते खरोखर सुटल्यासारखे दिसत होते, आणि त्यामुळे माझा राग आणखीनच वाढला. भांडायला समोरचा माणूस तरी नीट असावा ना.

काका असे का, याची गावाने परस्पर एक गोष्ट रचून ठेवली होती. म्हणे त्यांचा पहिला मुलगा तान्हा असताना घाटात उलट्यांनी हैराण झाला, कुणीतरी अर्धी गोळी चारली, आणि पोर झोपलं ते उठलंच नाही. शेजारचा चहावाला ही गोष्ट डोळ्यांत पाणी आणून सांगायचा. औषध कंपन्यांचे विक्रेतेही एकमेकांना सांगायचे. मीही वर्षानुवर्षं खरी मानली. काकांना दोन मुली होत्या, एक नेरळला दिलेली, एक पेणला. मुलाचा विषय कधी निघाला नाही, आणि अशा जखमेवरची खपली आपण कशाला काढावी म्हणून मी गप्प राहिले.

मग माझ्यावरच वेळ आली. नितीनच्या, म्हणजे माझ्या नवऱ्याच्या, कारखान्याने काही कामगारांना कुटुंबासकट बक्षीस म्हणून मुंबई ते गोवा क्रूझवर पाठवायचं ठरवलं. आमच्या आळीत नुसता जल्लोष. मला मात्र मुलाची काळजी. ओम तेव्हा अडीच वर्षांचा, आणि त्याला कर्जतला जाईपर्यंतसुद्धा गाडी लागायची. समुद्रात काय होणार? घाटात निदान गाडी थांबवून खाली उतरता येतं.

मुलांच्या डॉक्टरांनी वजनावर मोजून एक पातळ औषध लिहून दिलं, बोटीत चढायच्या तासभर आधी एकदा द्यायचं, आणि लागलंच तर दुसऱ्या दिवशी सकाळी एकदा. मी चिठ्ठी घेऊन दुकानात आले, तर काका म्हणाले, "पोर दाखव."

"काका, ओम आहे. परवाच तर इथे खेळत होता."

"परवाचं वजन परवाचं. आन त्याला."

आणला. काट्यावर उभा केला. चिठ्ठीतलं वजन बरोबर निघालं तेव्हा कुठे त्यांनी बाटली काढली आणि औषधाच्या मापावर पेनाने खूण करून दिली. मग सूचना सुरू झाल्या. खोली खालच्या मजल्यावरची आणि बोटीच्या मधली माग, टोकं जास्त हलतात. खोलीत कोंडून ठेवू नको, वर वाऱ्यावर ने आणि लांब बघायला लाव. अगदीच मळमळलं तर आडवा कर, डोळे मिटू दे. उलटी झाल्यावर लगेच घटाघटा पाणी नको; थोडं थांबून साखर-मिठाचं पाणी चमच्याने, थांबत थांबत.

मी चेष्टेने विचारलं, "काका, तुम्ही बोटीत बसलाय कधी?"

"नाय बा. मला घाटात गाडी लागते. लोनावळा म्हंजी माजी शीव."

मी हसत सुटले. तेही हसले. मग एकदम गंभीर होऊन म्हणाले, "एक ध्यानात ठेव. उलट्या मोजत बसू नको. लघवी बग. पोर उलट्या करून हसत आसंल तर भ्यायचं नाय. पन लंगोट कोरडा राहिला आनि पोर गप पडलं, तर झोपलंय म्हनून खूश होऊ नको. डॉक्टर गाठ."

त्यांच्या आवाजात काहीतरी होतं, म्हणून इतक्या वर्षांचा प्रश्न तोंडातून निसटला. "काका, तुमच्या मुलाचं... ते खरं आहे का?"

काकांना आधी कळेचना. मी अडखळत सगळी गोष्ट सांगितली. त्यांनी चष्मा काढला, माझ्याकडे बघत राहिले. "मला मुलगा झालाच नाय गं. कोन सांगतं ह्ये?" मग चष्मा पुसून परत लावला. "आनि कायतरी घडायलाच पायजे काय? कुनाचं पोर गेल्यावरच इचारायचं आस्तं काय?"

मी बाटली पिशवीत टाकली आणि घरी आले.

बोट संध्याकाळी सुटली आणि ओम रात्रभर छान झोपला. सकाळी समुद्र खवळला, म्हणून औषधाचा दुसरा डोस दिला. ओमने नाश्त्याचं ओकून टाकलं, मग पाणी, मग नुसतं पिवळं. मी त्याला वर नेलं. वाऱ्यावर जरा हुशारला. "आई, नागफणी कुठाय?" त्याने विचारलं, कारण काकांनी त्यालाही ती शिकवलेली. मी त्याला पाणी आणि आभाळ जिथे टेकतं ती रेघ दाखवली. ती काही वळणाआड लपत नव्हती. थोडा वेळ बघितली त्याने आणि पुन्हा ओकला. चमचाभर पाणी दिलं की दोन चमचे बाहेर.

शेजारच्या खोलीतल्या बाई चांगल्या होत्या. कळवळून गोळ्यांची पट्टी घेऊन आल्या. "अर्धी द्या हो. आम्ही आमच्या छोटीला देतो, गपगार झोपते." नितीनचा चेहरा पडलेला. "दे ना," तो म्हणाला, "बघवत नाही मला."

मला तरी कुठे बघवत होतं? काकांना फोन लावायला रेंज नव्हती. मी म्हणाले, "नाही. सकाळचं औषध पोटात टिकलं की नाही हेही माहीत नाही, त्यावर मोठ्यांची गोळी मी देणार नाही." बाई दुखावल्या. नितीन तोंड फिरवून बसला.

दुपारकडे उलट्या थांबल्या आणि ओम झोपला. नितीनने सुटकेचा निःश्वास टाकला. मीही टाकला असता. पण हात आपोआप लंगोटाकडे गेला. कोरडा. सकाळी बदललेला तो तसाच. ओमला हलवलं, तर डोळे अर्धवट उघडून पुन्हा मिटले. रडायला तोंड वाकडं केलं, पण डोळ्यांत पाणी नाही. जीभ खरखरीत. त्याला उचलून धावतच बोटीवरच्या डॉक्टरकडे गेले.

डॉक्टरांनी पहिला प्रश्न विचारला, "झोपेची, उलटीची कुठली गोळी दिलीत?" मी म्हटलं, काल बोटीत चढण्याआधी मोजून दिलेलं औषध आणि आज सकाळी त्याचाच एक डोस, तोही बहुतेक बाहेर पडला. बाकी काही नाही. "बरं झालं," ते म्हणाले. "नाहीतर ही गुंगी गोळीची की पाणी कमी झाल्याची, ह्यात आपण वेळ घालवला असता." त्यांनी लगेच सलाइन लावलं. मी ओमला मांडीवर घेऊन चमचा चमचा पाणी देत राहिले. किती वेळ गेला कुणास ठाऊक. मग मांडीला ऊब लागली. लंगोट ओला झाला होता, माझा ड्रेसही. नितीन आणि मी एकमेकांना धरून रडलो. लेकराच्या शूसाठी कुणी असं रडलं असेल का, माहीत नाही.

परत आल्यावर काकांना सगळं सांगितलं. वाटलं, आता शाबासकी मिळेल. त्यांनी ऐकून घेतलं आणि विचारलं, "शूचा रंग कसा होता?"

गेल्या वर्षी काका आजारी पडले. पोटाचा आजार होता, उशिरा कळला. इस्पितळात त्यांना काही टिकत नव्हतं, सारखी उलटी. मी दुकान बंद करून दुपारी जायचे आणि चमच्याने पाणी पाजायचे. थांबत थांबत. ते हसून म्हणायचे, "शिकलीस गं."

एके दुपारी उलट्या थांबल्या. काकू हात जोडून म्हणाल्या, "आज बरं वाटतंय त्यांना, शांत पडलेत." काकांनी डोळे उघडले. माझ्याकडे बघून, पलंगाच्या कडेला लटकवलेल्या लघवीच्या पिशवीकडे नजर वळवली. "बग," म्हणाले.

मी वाकले. पिशवीत तळाला सकाळचंच थोडं होतं, गडद. वर तोंड केलं तेव्हा ते माझा चेहरा बघत होते. दुसरं कुणी असतं तर मी खोटं बोलले असते. ह्या माणसापुढे जमलं नाही.

"सकाळपासून तेवढीच आहे, काका."

त्यांनी मान हलवली. "चांगलं केलंस सांगितलंस. आता पोरींना बोलाव." नेरळची संध्याकाळी पोचली, पेणची थोडी उशिरा. दोघी भेटल्या, बोलल्या. पहाटे काका गेले.

आता दुकान मी बघते. मागच्या रविवारी एक गाडी थांबली. तरुण आई उतरून आली, उलटीच्या गोळ्या मागितल्या, आणि मी 'मूल कुठे आहे' विचारलं तशी ती भडकली. पलीकडे तर कुणी काही विचारत नाही, म्हणाली. मग जरा थांबून, आवाज खाली आणून तिने विचारलं, "तुमच्याकडे कधी काही झालं होतं का?"

"नाही हो," मी म्हटलं. "आमच्याकडे कधीच काही झालं नाही." आणि फळी उचलून पायाने चपला शोधू लागले.