झील धरणारी

माझा असल्या गोष्टींवर कधी विश्वास नव्हता. लग्न होऊन या गावात आले तेव्हापासून दिवेलागणीला मसणवटीच्या वाटेने म्हशी घरी आणल्या, कधी काही दिसलं नाही की ऐकू आलं नाही. दुपारी भांडी आवरली की मोबाईलवर लोकांचे भुताखेताचे अनुभव वाचते आणि मनात म्हणते, बाई, तू दमली असशील, दुसरं काय. आता मलाही कुणी तेच म्हणेल, आणि मी दमलेली आहेच. म्हणून हे कुठे टाकणार नाही. नुसतं लिहून ठेवते.

आमचं गाव शहापूरहून मुरबाडला जाणाऱ्या रस्त्यावर, फाट्यापासून आत. घर अलीकडचं, स्लॅबचं. मागच्या खोलीत भाताच्या गोणी असतात. जे झालं ते त्याच खोलीत, भर दुपारी, एप्रिल महिन्यात.

माझ्या सासूला आम्ही आये म्हणतो. आये धवलारीण. आमच्याकडे लग्नात भटजीच्या आधी धवलारीण लागते. हळद दळण्यापासून प्रत्येक कामाला तिचं गाणं, तो धवला. पण धवलारीण एकटी गात नाही. ती अर्धी ओळ म्हणून थांबते आणि मागे बसलेली झील धरणारी उरलेली अर्धी म्हणते. जिची तिची अर्धी ओळ ठरलेली. नवऱ्याचं नाव धवलारणीने घ्यायचं, नवरीचं माहेरचं नाव झीलवालीने. आयेच्या मागे कायम सोनीबाय असायची, शेजारच्या पाड्यातली. माझ्या लग्नातही या दोघीच होत्या. मागच्या पावसाळ्यात सोनीबाय वारली, आणि आयेने लग्नांना जाणं बंद केलं. एकटीने काय म्हणायचं, म्हणाली.

मग आयेच्या गळ्यात गाठ निघाली. मुंबईच्या दवाखान्यात सांगितलं, ऑपरेशन करावं लागेल, जीव वाचेल पण आवाज राहणार नाही.

माझी मुलगी सुजाता शहापूरला कॉम्प्युटर दुरुस्तीच्या दुकानात कामाला आहे. ती म्हणाली, आजीचे धवले आधी रेकॉर्ड करायचे, नाहीतर तिच्याबरोबर जातील. आयेसारखं आता आमच्या बाजूला कुणाला येत नाही. सुजाताने दुकानातला एक जुना लॅपटॉप आणला. त्याला विंडोज झेपत नव्हतं म्हणून त्यात लिनक्स नावाचं हलकं काहीतरी टाकलेलं. माईक आणला, कानाला लावायचे हेडफोन आणले.

आयेने आधी लॅपटॉपपुढे सुपात तांदूळ आणि सुपारी ठेवायला लावली. मग विचारलं, "लगीन कोनाचं हाय?"

"कुणाचं नाय गो आजी. नुसतं म्हण."

"रिकामा धवला नाय म्हनत."

"मग माझं म्हण."

"तुजा नवरा कुठं हाय? आदी आन, मंग म्हनते." मग माझ्याकडे बघत सुजातालाच म्हणाली, "तुज्या आयबापाचा म्हनते. यकदा लागलेलाच हाय, पुन्ना लागला तरी काय बिघडत नाय."

सुजाता हसली. मी गोणीला टेकून बसले होते, मला लाजायलासुद्धा त्राण नव्हतं. सकाळपासून आयेचं पथ्याचं, गुरांचं, घरचं, सगळं उरकून बसले होते.

कानाला हेडफोन लावून आयेने सुरुवात केली. आवाज बसका झाला होता पण सूर जागेवर होता. अर्धी ओळ म्हणायची, थांबायची, मग पुढच्या ओळीतली आपली अर्धी म्हणायची. एकदा मध्येच खोकला आला तशी तांब्यातलं पाणी प्यायली आणि पुढे चालू झाली. डोळे मिटलेले... आणि थांबायची तेव्हा मान हलवायची, मागे कुणी बरोबर म्हणतंय तशी.

सुजाताने लावून बघितलं तर तव्यावर मीठ टाकल्यासारखा तडतड आवाज. शिवाय आयेचा आवाज हेडफोनमध्ये उशिरा येत होता. सुजाताने मला समजावलं, मशीन आवाज घोटाघोटाने घेतं. घोट मोठा ठेवला तर तुटत नाही पण उशीर होतो. लहान ठेवला तर उशीर जातो पण मशीनला दम लागतो आणि मधले घोट चुकतात. "आणि हे येवढं दमलेलं हाय की मोठा घोट पण घेत नाय," म्हणाली. मला ते लगेच कळलं.

पुढचे तीन-चार दिवस ती कामावरून आली की त्याच्यामागे लागायची. मागे गुपचूप चालणारे प्रोग्राम बंद केले, वायफाय बंद केलं, वीज वाचवायची सेटिंग काढली, आवाजाचं काम सगळ्यात आधी करायची मशीनला परवानगी दिली. काहीतरी टाइप करायची, परत चालू करायची, परत तडतड. मी चहा नेऊन ठेवायची, तो गार व्हायचा. ऑपरेशनची तारीख जवळ आली होती.

आयेला मात्र काही घाई नव्हती. "कशाला खटपट करतेस? बरं चाललंय की. सोनी झील धरते."

सुजाता म्हणाली, "आजी, तो तुझाच आवाज हाय. उशिरा येतो म्हणून तुला तसं वाटतं."



रविवारी जमलं. तडतड गेली, उशीर गेला. सुजाताचा चेहरा किती दिवसांनी मोकळा दिसला. तिने आयेच्या कानाला हेडफोन लावले. आयेने अर्धी ओळ म्हटली आणि थांबली. थांबूनच राहिली.

"सोनी कुठं गेली?"

"आजी, सांगितलं ना..."

"मला माजा आवाज वळखू येत नाय व्हय? मी पानी पीत व्हते तवा कोन म्हनत व्हतं?"

सुजाताने सगळं पहिल्यासारखं करून दिलं, उशीर परत आणला. आयेने ऐकलं आणि हेडफोन काढून सुपाशेजारी ठेवले. "ह्यो माजाच हाय," म्हणाली. "ती गेली."

मग दोघी माझ्याकडे बघायला लागल्या. मला कळलं, आता झील मी धरायची. इतकी वर्षं चुलीपाशी बसून ऐकलेलं, झील मला पाठ होती. पण मी कधी चार माणसांत तोंड उघडलं नव्हतं. बुधवारी आयेला दवाखान्यात न्यायचं होतं. मी भिंतीकडे तोंड करून बसले आणि झील धरली. माझ्याच लग्नाच्या धवल्यात माझं माहेरचं नाव मीच घेतलं. इथे आल्यावर नाव बदललं. ते जुनं नाव सासरी कुणी घेत नाही, मीही घेत नव्हते. त्या दोन दिवसांत जेवढे धवले झाले तेवढे झाले.

आयेचं ऑपरेशन झालं. आता गळ्याला भोक आहे, नळी आहे. ती नळी रोज मी साफ करते. आये हाताने खुणा करून बोलते.

एका दुपारी ती झोपली होती. सुजाताने रेकॉर्डिंग माझ्या मोबाईलवर टाकून दिलं होतं. पहिल्या दिवसाचं तडतडवालं तिने कधी पुरं ऐकलंच नव्हतं, वाया गेलं म्हणून. मी ते लावलं. आये म्हणते, "बाळाराम नवरा गो उभा मांडवाच्या दारी..." मग खोकते. मग तांब्या उचलल्याचा आवाज. आये पाणी पिते आहे, घोट ऐकू येतात. आणि त्या घोटांवरून, तडतडीच्या मागून, कुणीतरी म्हणतं, "यमुना नवरी गो डोळं पुशी पदरानं."

बाळाराम माझा नवरा, यमुना मी. माझं ते माहेरचं नाव.

शेवटचा शब्द खाली ओढून सोडलेला, सोनीबाय सोडायची तसा.

मी सुजाताला ऐकवलं. ती म्हणाली, मशीन दमलं की मागचाच तुकडा परत वाजवतं, तसं झालं असेल. मी म्हटलं, मागे ती ओळ कुठे आहे ते दाखव. तिने सगळं शोधलं, ती ओळ कुठेच सापडली नाही. मग तिने लॅपटॉप पुन्हा हळू करून, तांब्या ठेवून, सगळं तसंच लावून बघितलं. तडतड आली. बाकी काही आलं नाही.

तडतड काढून टाकता येते, म्हणाली. मी नको म्हटलं.

आये दुपारी माझा मोबाईल मागून घेते आणि तेच लावते. पाण्याच्या जागी आलं की मान हलवते. मग माझ्याकडे बोट करते, आणि मी भांडी ठेवून तिच्याजवळ जाऊन बसते. ते काय होतं ते मला अजून कळलेलं नाही. त्या ओळीला मी पण आता हळूच झील धरते... म्हणजे तिथे झील धरणाऱ्या आम्ही दोघी असतो.