चौकातून मोटारस्टँड हलला तेव्हा

महाराष्ट्र होऊन थोडीच वर्षं झाली होती. लग्न करून मी तालुक्याच्या गावी आले. सासरी बांगड्यांचं दुकान होतं, भर चौकात. मोटारी अगदी दारासमोर थांबायच्या. मामाजी, म्हणजे माझे सासरे, याला नशीबच समजत. पण एखादी बाई बांगड्या भरायला बसली, की बाहेर हॉर्न वाजायचा. एक बाई तर एकाच हातात हिरवा चुडा घालून पळाली. दुसऱ्या हाताच्या बांगड्या मामाजींनी धावत जाऊन खिडकीतून दिल्या.

मग नगरपालिकेनं स्टँड गावाच्या कडेला हलवायचं ठरवलं. तिथून चौकापर्यंत माणसांनी पायी यायचं. मोटारी, बैलगाड्या बाहेरच. पायी येणाऱ्यांसाठी घरांच्या मागून मुरमाचा नवा रस्ता केला.

"हे बजार मारून राह्यले बे!" मामाजी संतापले. दुकानदारांनी दुकानं बंद ठेवली, पण स्टँड हललाच.

त्यानंतरच्या पहिल्या बाजारच्या दिवशी चौक ओस. मामाजी रस्त्याकडे पाठ करून बसलेले. मला राहवेना. सासूबाईंना म्हटलं, "आत्याबाई, चाला, पाहून येऊ."

स्टँडवर बायाच बाया, गाठोडी घेऊन खोळंबलेल्या.

"काऊन व माय, बजार कुठी गेला?" एकीनं विचारलं.

"तिथंच हाय. या माह्यासंगं."

नव्या रस्त्यानं आम्ही दोघी पुढं, बाया मागं. आम्हाला पाहून मामाजी ताडकन उठले. "बाप्पा! सूनबाई, वरातच आणली व!"

त्या दिवशी कोणालाच उठायची घाई नव्हती. जावा-जावा दोन्ही हात पुढं करून बसल्या, रंग बदलून बदलून पाहिले, मग शेजारी लुगड्यांच्या दुकानात शिरल्या. त्यांची पोरं चौकाच्या मधोमध पळत होती आणि कोणी त्यांना ओढून बाजूला घेत नव्हतं.

पुढं चौक असा भरू लागला, की मामाजी पाहुण्यांना सांगायचे, "स्टँड तिकडं न्या म्हणून मीच म्हटलं होतं!" आत्याबाई तोंडाला पदर लावून हसायच्या.

उन्हाळ्यात चौकात उसाच्या रसाची गाडी लागली. एका संध्याकाळी मामाजी स्वतःहून म्हणाले, "सूनबाई, सासूले घेऊन जाय. रस पिऊन या."

सासू-सुनांनी असं चारचौघांत उभं राहून काही खाणं-पिणं आमच्याकडे कोणी केलं नव्हतं. आम्ही केलं. मी लाजत अर्धा ग्लास संपवला, तोवर आत्याबाईंनी आपला रिकामा ग्लास रसवाल्यापुढं धरला होता.

"अजून एक दे बाप्पा," त्या म्हणाल्या, "अन् लिंबू जास्त पिळ."