पैशांची आंघोळ

मी फारसा बोलत नाही. पण धरमपेठेत ट्रान्झिस्टरभोवती मित्र जमले आणि कोणी म्हटलं, "तुझ्या त्या कॉलनीचं सांग ना गा," की एका किश्श्यामागून दुसरा निघतो. सगळे हसतात. मग हळूहळू हसणं थांबतं.

शाळा अर्धवट सुटली तेव्हा मी नागपूरबाहेरच्या कुष्ठरोग्यांच्या कॉलनीत दुकानावर लागलो. आत नेहमीचे पैसे चालत नसत. पैशातून रोग पसरतो, असं लोकांना वाटे. म्हणून पितळेचे, मधे भोक असलेले बिल्ले. फाटकाबाहेर त्यांना कोणी विचारत नसे.

*

रोज संध्याकाळी गल्ल्यातले बिल्ले फाटकाजवळच्या चुलीवर उकळायचे, असा नियम. ते काम माझं. म्हातारी गंगूबाई ते बघून ओरडायची, "काहून गा, पैशाले गरम पाणी अन् आम्हाले थंड?"

*

एकदा एक बिल्ला चुकून खिशात राहिला. नागपुरात, सदर भागातल्या हॉटेलात चहाचे पैसे देताना तो काउंटरवर पडला. मालकाने ओळखला. माझा उष्टा कप माझ्याच हातात दिला. "घेऊन जा. कपाचे पैसे नको!"

*

भोकाचा खरा उपयोग नामदेवकाकांनी केला. त्यांची बोटं झडलेली. ते दातांनी बिल्ले सुतळीत ओवत आणि कमरेला बांधत. चहा नाही, बिडी नाही. शांतीच्या, म्हणजे लेकीच्या लग्नात आपल्या हाताने आहेर करायचा, एवढाच ध्यास. म्हणायचे, "चाललो की छनछन वाजते. मीच नवरी वाटतो!"

*

शांती एकदा भेटायला आली. तारेच्या कुंपणापासून लांबच उभी राहिली. काकांनी हात पाठीमागे घेतले.

"बाबा, पातेल्यात काय शिजून राहिलं?"

"पैसे! इथं सारं उकळते. उकळलं की रोग मरते. भिऊ नको वं."

*

काकांचा रोग गेला. डॉक्टरांनी तसा दाखला दिला. ऑफिसने बिल्ले मोजून घेतले आणि करकरीत नोटा दिल्या. लग्नाला निघताना काकांनी नवा सदरा घातला. सगळी कॉलनी फाटकावर! गंगूबाई ओरडली, "आता इकडे तोंड दाखवू नको गा!"

लग्नाच्या दुसऱ्या दिवशी काका दुकानासमोर उभे.

"झालं का जी लग्न?"

"झालं. मांडवाबाहेरून पाहिलं. जेवाले बी दिलं, पत्रावळीवर."

"अन् आहेर?"

त्यांनी रुमाल सोडला. आत रंग उडालेल्या, एकमेकींना चिकटलेल्या नोटांचा गोळा.

"शांतीनं उकळल्या. मी सांगितलं होतं तशाच. लई वेळ उकळल्या बिचारीनं."

काकांनी गोळा मनगटाने माझ्याकडे सरकवला.

"याचे बिल्ले दे गा. ते टिकतात!"